आमच्यात तुझं-माझं नाही!

कपड्यांच्या ड्रायरच्या जाळीवर लिंट, म्हणजे धाग्यांचा भुगा, साठतो ना, तसे हे किस्से साठतात. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पण शनिवार आला की जाळी ओढायची, आणि मूठभर हातात येतं! मैत्रिणी म्हणतात, "यार, लिहून ठेव." म्हणून लिहिते आहे. नावं बदलली आहेत. स्वभावही बदलून बघितले, पण मग किस्साच उरेना.

मी ऋता. यवतमाळहून अमेरिकेत मास्टर्स करायला आले, अकाउंटिंग शिकले, आता आठवडाभर डेट्रॉइटजवळच्या एका टॅक्स फर्ममध्ये नोकरी करते. शनिवारी सकाळी जवळच्याच ट्रॉय गावच्या लायब्ररीतल्या एका खोलीत मराठी मंडळाचा फुकट टॅक्स हेल्प डेस्क चालवते. सुरू केला तेव्हा मला वाटलं होतं, नोकरी गेलेले लोक येतील, एकट्या आया येतील, कुणाला तरी खरंच मदत होईल. आले कोण? चार बेडरूमच्या घराचं कर्ज केव्हाच फेडून बसलेले, रिटायर्ड ऑटो इंजिनिअर!

आणि सगळ्यांचं दुःख एकच: आरएमडी. म्हणजे काय, तर नोकरीत असताना पगारातला काही भाग रिटायरमेंट अकाउंटमध्ये टाकायचा. त्यावर तेव्हा टॅक्स नाही. सरकार म्हणतं, "नंतर द्या." मग वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी सरकार म्हणतं, "नंतर झालं!" तिथून पुढे दरवर्षी ठरावीक रक्कम काढायचीच, आणि काढलेल्या पैशांवर टॅक्स भरायचा. पाचवीतल्या मुलाला कळेल असा नियम आहे. पण पाचवीतल्या मुलाने तीस वर्षं गिअरबॉक्स डिझाइन केलेले नसतात. त्याला हा त्रास नसतो!

* * *

पहिल्याच शनिवारी अविनाशकाका आले. तीस वर्षांची गिअरबॉक्सवाली नोकरी त्यांचीच. लॅपटॉप उघडला, घरातल्या प्रत्येक डॉलरची एक्सेल शीट दाखवली. रंगीत. हिरवा म्हणजे वाढणारे पैसे, लाल म्हणजे गेलेले पैसे. मला वाटलं, आता काहीतरी अवघड विचारणार.

"मी काढणारच नाही," काका म्हणाले.

"काका, काढावेच लागतात. कायदा आहे."

"माझे पैसे. मी कमावलेले. मला गरज नाहीये. सरकार कोण मला सांगणार, काढ म्हणून?"

"पण काका, या पैशांवर तुम्ही आजवर टॅक्सच भरलेला नाही. तेव्हा सवलत घेतलीत ना? इतकी वर्षं एक सेंटसुद्धा भरला नाहीत!"

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मूळ मुद्दा अखेर मला समजला होता.

"तेच म्हणतोय मी. मग आता कशाला सुरू करू?"

* * *

अविनाशकाकांचे जिवलग मित्र म्हणजे प्रभाकरकाका. मंडळाचे ट्रस्टी. रोज मॉलमध्ये चालायला जातात, आणि चालण्यापेक्षा त्याबद्दल बोलण्यात जास्त दमतात.

आरएमडी किती काढायची याचा हिशेब सोपा आहे. मागच्या वर्षअखेरीला अकाउंटमध्ये जेवढे पैसे असतील, त्याला एका आकड्याने भागायचं. तो आकडा सरकारी तक्त्यात वयासमोर दिलेला असतो. साधारण किती वर्षं पैसे पुरायला हवेत, अशा अंदाजाने काढलेला. त्र्याहत्तरला साडेसव्वीस.

"म्हणजे सरकारला वाटतं, मी अजून साडेसव्वीस वर्षं जगणार?" प्रभाकरकाका खूश! "बघ! त्यांनासुद्धा कळतं, कोण फिट आहे ते." गणपतीत स्टेजवरून ही बातमी जाहीर झाली. टाळ्याही पडल्या.

पुढच्या वर्षी तक्त्यात आकडा आला साडेपंचवीस. काका डेस्कवर थडकले.

"एका वर्षात एक अख्खं वर्ष कमी केलं?"

"काका, मधे एक वर्ष गेलंच ना."

"पण मी व्यायाम करत होतो!"

यंदा ते पंचाहत्तरचे झाले आणि आकडा आला चोवीस पूर्णांक सहा. मी कॅल्क्युलेटर पुढे केला. काकांनी वजाबाकी केली. पुन्हा केली. मग उठून माझा हात हातात घेतला.

"या वेळी फक्त झिरो पॉइंट नाइन! ऋता, चालण्याचा उपयोग होतोय गं!"

* * *

अविनाशकाकांबरोबर वसुधाकाकू येतात. त्यांच्या पत्नी. दाराजवळच्या खुर्चीत बसतात, कोट मांडीवर घेऊन. काका 'चल' म्हणाले की उठायचं असतं म्हणून.

मला वाटायचं, काकू गृहिणी असतील. तीन वर्षं मी असंच समजत होते, कारण तीन वर्षं त्या खोलीत काकूंबद्दल कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. मग मागच्या उन्हाळ्यात काका कॉफी आणायला गेले, आणि काकू खुर्ची सरकवून जवळ आल्या.

"ऋता, माझंही आहे ना गं एक अकाउंट?"

"तुमचं? कुठलं?"

"मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते ना. रात्रपाळीला. त्यातलंच. मी पण यंदा त्र्याहत्तरची झाले. म्हणजे मलाही काढावे लागणार ना पैसे?"

"लागणार म्हणजे काय, काढायचेच! किती आहेत त्यात?"

"ते ह्यांच्या शीटमध्ये आहे. मी कधी उघडलं नाही." मग दाराकडे बघून भराभर म्हणाल्या, "मला एक गाडी घ्यायची आहे. छोटी. सेकंडहँड चालेल. मी रिटायर झाले तेव्हा ह्यांनी माझी विकली. म्हणाले, एका घराला दोन गाड्या कशाला, इन्शुरन्स वाचेल. तेव्हापासून हे जिथे जातात तिथे मी जाते."

ट्रॉयमध्ये गाडी नसणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. दूध आणायला नवरा, केस कापायला नवरा, मैत्रिणीकडे जायचं तर नवरा बाहेर गाडीत बसून घड्याळ बघणार!

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, गाडी कशाला? मी आहे ना."

तेवढ्यात काका कॉफी घेऊन आले. एकच कप होता.

* * *

हिवाळ्यातल्या एका शनिवारी चर्चा रंगली होती. रात्री चांगला फूटभर बर्फ पडलेला, पण सकाळी रस्ते स्वच्छ. लायब्ररी उबदार. कॉफी फुकट. अविनाशकाका दोन वर्तमानपत्रं, तीही लायब्ररीचीच, बगलेत धरून खुर्चीत रेललेले.

"मला एक सांग ऋता, तू शिकलेली आहेस. हे सरकार आपल्या टॅक्सच्या पैशांचं करतं तरी काय?"

मी उत्तर दिलं. चांगलं खणखणीत दिलं. पण काकांना ऐकू गेलं नाही. बाहेर त्यांच्याच गाडीच्या मागचा बर्फ काढणारा सिटीचा प्लाउ फार आवाज करत होता.

"काय म्हणालीस?" काका ओरडले. "हे लोक शनिवारी पण गप्प बसू देत नाहीत!"

* * *

प्रभाकरकाकांनी एकदा मंडळात व्याख्यान ठेवलं: 'आरएमडीवरचा टॅक्स शून्यावर कसा आणाल?' हॉल भरला. मंगळागौरीला भरत नाही इतका भरला. वक्ता आयत्या वेळी आला नाही, म्हणून मला उभं केलं.

मी म्हणाले, "सोपं आहे. अकाउंटमधून पैसे थेट एखाद्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला पाठवा. मोफत दवाखाना, फूड बँक, काहीही. तुमच्या हातात न येता गेले, तर आरएमडीमध्ये धरले जातात आणि टॅक्स शून्य."

सगळे पेन उघडून बसले होते. कुणीच लिहिलं नाही.

"म्हणजे... पूर्ण द्यायचे?" पहिल्या रांगेतून प्रभाकरकाका.

"जेवढे द्याल तेवढ्यावर टॅक्स नाही."

"आणि ते परत...?"

"दान आहे, काका!"

काका विचारात पडले. मग चेहरा उजळला. "आपलं मंडळही नोंदणीकृत आहे! मंडळाला द्यायचे, आणि मंडळाने देणगीदारांना दिवाळीला पहिल्या रांगेतल्या सीट आणि जेवण..."

"नाही चालत. बदल्यात काहीही घेतलं, तर सवलत गेली."

"काहीही म्हणजे? फराळाचं ताटसुद्धा नाही?"

"चकलीसुद्धा नाही."

काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि हॉलकडे वळून ट्रस्टीच्या आवाजात निकाल दिला, "मग टॅक्सच बरा!"

हॉल हसला. मी नाही हसले. यातल्या निम्म्या लोकांना त्या पैशांची गरजच नाही, असं तेच मला दर शनिवारी सांगतात.

* * *

ऑक्टोबरमध्ये काकूंनी ठरवलं, आपलं अकाउंट स्वतः उघडून बघायचं. काका पुस्तक परत करायला खाली गेले होते. माझ्यासमोर बसून काकूंनी अकाउंट असलेल्या कंपनीला फोन लावला. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, सगळं बरोबर. मग पलीकडच्या माणसाने सिक्युरिटी प्रश्न विचारले.

"तुमच्या पहिल्या शाळेचं नाव?"

काकूंनी सांगितलं. साताऱ्याची कन्याशाळा.

"सॉरी मॅम, जुळत नाही. तुमचा आवडता पदार्थ?"

"साबुदाण्याची खिचडी." स्पेलिंगही सांगितलं.

"सॉरी मॅम. तुमचा आवडता खेळ?"

"बॅडमिंटन."

अकाउंट लॉक झालं! कंपनी म्हणाली, नवा कोड पोस्टाने घरी पाठवू.

मला काहीच कळेना. काका वर आले तेव्हा मी सरळ विचारलं. काका अजिबात गडबडले नाहीत. "ते उत्तर मी भरलंय ना. रुंगठा हायस्कूल, नाशिक."

"पण ती तुमची शाळा!"

"अर्थात माझी. मलाच लक्षात ठेवायचं होतं."

"आणि पदार्थ?"

"वांग्याचं भरीत. खेळ क्रिकेट."

काकू म्हणाल्या, "मला वांगं बाधतं." अगदी शांतपणे म्हणाल्या. लग्नाला जितकी वर्षं झाली, तितकी वर्षं माहीत असायला हवी होती अशी ही माहिती.

काका वैतागले. "अगं मग मला विचारायचं ना, तुझा आवडता पदार्थ कोणता ते!"

* * *

आता काकांना वाटलं, हा घोळ आपणच निस्तरला पाहिजे. लगेच स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे मला शिकायला मिळावं!

"माझ्या बायकोचं अकाउंट लॉक झालंय. ते उघडा."

"नक्की सर. मॅमना फोन देता का?"

"तिची गरज नाही. मी तिचा नवरा आहे."

"दॅट्स वंडरफुल, सर. मॅमना फोन देता का?"

"तुम्हाला समजत नाहीये. हे अकाउंट पहिल्यापासून मीच बघतो."

"म्हणजे सर, मॅमच्या नावाने आजवर तुम्हीच लॉग-इन करत होतात, असं तुम्ही मला सांगताय? हा कॉल रेकॉर्ड होतोय."

काकांनी फोन ठेवला. "नेटवर्क गेलं," म्हणाले.

कोडचं पत्र आलं, ते काकूंनी स्वतः मेलबॉक्समधून काढलं आणि पर्समध्ये घालून डेस्कवर आणलं. नवा पासवर्ड, नवे प्रश्न, नवी उत्तरं. टाइप करण्याआधी त्यांनी मलासुद्धा खोलीबाहेर पाठवलं!

* * *

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी अविनाशकाका हातात एक पत्र फडकवत आले. मेडिकेअरचं. वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचं. पुढच्या वर्षीपासून त्यांचा आणि काकूंचा, दोघांचाही हप्ता वाढणार होता.

याची कहाणी अशी. पहिल्या वर्षाची आरएमडी पुढच्या वर्षीच्या एक एप्रिलपर्यंत लांबवता येते. काकांनी लांबवली. "सरकारला वाट बघायला लावली!" म्हणून पेढे आणले होते. मी तेव्हाच ओरडून सांगितलं, की लांबवलेली आणि पुढच्या वर्षाची अशा दोन्ही रकमा एकाच वर्षात येतील, उत्पन्न फुगेल, टॅक्स वाढेल, आणि दोन वर्षांनी मेडिकेअरही तेच उत्पन्न बघून हप्ता वाढवेल. काकांनी पेढा पुढे केला होता.

"हा अन्याय आहे. तू आधी सांगायला हवं होतंस," आता काका म्हणाले.

मी श्वास घेतला आणि दुसरा विषय काढला. "काकूंचं हे पहिलं वर्ष. त्यांची रक्कम काढलीत का?"

"केव्हाच! उन्हाळ्यातच माझ्या अकाउंटमधून दोघांची मिळून काढून टाकली. तिच्या अकाउंटला कशाला हात लावायचा? चांगलं वाढतंय ते."

चांगलं वाढत होतं, कारण काकूंनी नोकरीला लागताना जे निवडलं होतं त्याच्याशी नंतर कुणी खेळलं नव्हतं. पण ते जाऊ दे.

"काका, असं चालत नाही! ज्याचं अकाउंट, त्यातूनच त्याची रक्कम निघाली पाहिजे. नवरा-बायकोचं एकत्र धरत नाहीत."

काका समजूतदारपणे हसले. "अगं, आमच्यात तुझं-माझं नाही."

"टॅक्स खात्यात आहे! तुम्ही गरज नसताना डबल काढलेत, त्या सगळ्यावर टॅक्स भरणार आहात, परत टाकायची मुदतही गेली. आणि काकूंची रक्कम अजून निघालेलीच नाही. ती काढली नाही तर दंड पडेल."

काकांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. टॅक्सचा द्वेष करणाऱ्या माणसाने आपण होऊन, कुणी न मागता, जास्तीचा टॅक्स ओढवून घेतला होता! मला आनंद झाला, हे लपवत नाही.

"तिची काढायची मुदत कधी?" त्यांनी विचारलं.

"पहिलं वर्ष आहे, म्हणून पुढच्या एप्रिलपर्यंत. पण..."

"एप्रिल!" काकांचा चेहरा फुलला. मेडिकेअरचं पत्र त्यांनी घडी करून खिशात घातलं. "मग अजून वेळ आहे की!"

दाराजवळच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या, "मला नाहीये."

* * *

काकूंनी गाडी बघून ठेवली होती. त्यांच्या लेकीने ऑनलाइन शोधून दिली. निळी, छोटी, सेकंडहँड. बघायला न्यायचं काम माझ्याकडे आलं.

रस्ताभर मी त्यांना धीर देत होते. काकू, घाबरू नका. काकू, हळूहळू सवय होईल. काकू, हवं तर आज पार्किंग लॉटमध्येच चालवून बघा. काकू "हं, हं" करत होत्या. डीलरचा तरुण सेल्समनही तसाच. "मॅम, हा ब्रेक. मॅम, घाई नाही."

काकूंनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, बाहेर पडल्या, आणि सरळ आय-सेव्हंटी-फाइव्ह हायवेच्या रॅम्पवर! दोन ट्रकच्या मधल्या फटीत गाडी अशी घातली, की सेल्समनने दाराच्या वरचा दांडा पकडला आणि मी मागच्या सीटवर देवाचं नाव घेतलं. काकू मान पूर्ण वळवून मागे बघतात, मग सिग्नल देतात, मग जातात. एकही गोष्ट घाईत नाही, एकही गोष्ट हळू नाही.

"मॅम, तुम्ही... तुम्ही आधी चालवायचात?" सेल्समन.

"याच रस्त्याने ड्यूटीला जायचे. बर्फात. बर्फ वितळवणारं मीठ टाकायच्या आधी." मग आरशातून माझ्याकडे बघून मराठीत, "तेव्हा हे झोपलेले असायचे."

गाडी त्यांनी त्याच दिवशी पक्की केली. डीलर एक आठवडा थांबायला तयार झाला. परतताना आम्ही क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे इथल्या पतपेढीत, थांबलो आणि काकूंनी तिथे स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं उघडलं. सही करताना त्यांनी पेन बदलून मागितलं. पहिल्याची शाई फिकी होती.

* * *

पुढचा शनिवार. आम्ही चौघं. काकू माझ्या शेजारी, दाराजवळ नाही. मधे टेबल, पलीकडे प्रभाकरकाका, अविनाशकाका उभे. काकूंनी पर्समधून स्वतःचा मोबाइल काढला आणि कंपनीला फोन लावला. मी म्हणाले, स्पीकरवर टाकू का? काकू म्हणाल्या, नको, मला ऐकू येतं.

काका समजावत होते. आवाज मऊ होता, हे खरं. "वसुधा, ऐक माझं. एप्रिलपर्यंत थांब. मार्केट वर जाईल. गाडीचं आपण उन्हाळ्यात बघू. तुला कुठे जायचं असतं, सांग, मी नेतो. नेत नाही का मी?"

"नेता," काकू म्हणाल्या, आणि फोन कानाला घट्ट लावला.

फोन लागला. शाळेचं नाव विचारलं असावं, कारण काकू हाताने तोंड झाकून पुटपुटल्या. पदार्थ. तेही तसंच. काकांनी कान पुढे केला, पण काही हाती लागलं नाही.

"येस," काकू इंग्रजीत बोलायला लागल्या. लॅबचं इंग्रजी, छोटं आणि स्वच्छ. "माझी या वर्षाची रिक्वायर्ड रक्कम. पूर्ण. आत्ता."

"आत्ता नको!" काका.

"टॅक्स कापून घ्या. हो, फेडरल आणि मिशिगन स्टेट, दोन्ही." मग फोनवर हात ठेवून मला मराठीत, "एप्रिलमध्ये टॅक्स भरताना कुणाचं ऐकायला नको."

"अगं, इतका नको कापू! ऋता, तिला सांग. आणि जॉइंट अकाउंटला पाठवायला सांग, नंबर माझ्याकडे आहे, तू फोन दे इकडे..."

"मी सांगते नंबर," काकू म्हणाल्या. क्रेडिट युनियनच्या खात्याचा नंबर त्यांनी न बघता सांगितला.

काकांचा आवाज चढला. "हे कुठलं खातं? वसुधा? कुठलं खातं हे?"

प्रभाकरकाकांनी लायब्ररीतलं एक मासिक उघडून तोंडासमोर धरलं.

मी शेजारीच होते, म्हणून पलीकडच्या बाईंचा आवाज मला अर्धामुर्धा ऐकू आला. "मॅम, तुमच्याजवळ कुणीतरी बोलतंय. त्यांच्याशी या अकाउंटबद्दल बोलायची मला परवानगी आहे का?"

काकांनाही ते ऐकू गेलं असावं. कारण त्यांनी घसा साफ केला, चष्मा नीट केला आणि फोनसाठी हात पुढे केला. सवयीने. दारातून आत येताना आपण दिव्याच्या बटणाकडे हात नेतो, तसा.

काकूंनी त्या हाताकडे बघितलं.

"नो," म्हणाल्या. "थँक यू."

हात तिथेच होता.

"आणि उद्या त्यांनी स्वतः तुम्हाला फोन केला तर?" काकूंनी विचारलं. "तर तुम्ही त्यांना काय सांगणार?"

पलीकडची बाई काहीतरी बोलली. या वेळी मला काही ऐकू आलं नाही. काकू ऐकत राहिल्या. एकदा मान डोलावली. मग फोन कानावरून काढला, टेबलावर मधोमध ठेवला आणि स्पीकरचं बटण दाबलं.

"प्लीज, से दॅट अगेन," काकू म्हणाल्या. "स्लोली."